दुसरा हात लागलेला नाही

गुलमंडीच्या बाजारात साधा रुमाल घ्यायचा असला तरी मी तो उलटा करतो, उजेडात धरतो, काठ ओढून बघतो. दुकानदार वैतागून म्हणतो, "मास्तर, रुमाल आहे हा, पोरीचं स्थळ नाही." असा मी चिकट माणूस. आणि याच माणसानं गेल्या वर्षी अख्खी मोटार मोबाईलवर बघून विकत घेतली. पांढरी अँबॅसिडर, मी शाळेतही गेलो नव्हतो तेव्हाची. न बघता, न हात लावता, आठ फोटो अन् चार फोन एवढ्या जोरावर. वर मी शाळेत मराठी शिकवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जी फजिती झाली ती मोटारीनं केली नाही, मराठीनं केली.

गाडी आबांसाठी होती. आबा म्हणजे माझे वडील. बिडकीनकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरातले. मेंढरांमागं चालून पाय दुखले म्हणून शहरात आले आणि सरकारी ड्रायव्हर झाले. पुढं आयुष्यभर साहेबांच्या पांढऱ्या अँबॅसिडर चालवल्या. निवृत्त झाले तरी कॉलनीतल्या कुणाची गाडी अडली, कुणाच्या लग्नात नवरदेव न्यायचा असला की आबा हजर.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. पाय सुधारला, तोंड सरळ झालं, पण डावा हात गेला तो गेलाच. तो हात मांडीवर ठेवून आबा व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि तिथंच राहिले. देवळात चला, नाय. हर्सूलच्या तळ्यावर चला, नाय. माझ्या गाडीत तर बसायलाच तयार नाहीत. "दुसऱ्यानं चालवायची अन् आपण गठुड्यावानी बसायचं, ते माझ्याच्यानं होणार नाय." डॉक्टर म्हणाले, हाताचं सोडा, माणूसच आतल्या आत मिटत चाललाय, काहीही करून घराबाहेर काढा. मला त्या खुर्चीची भीती वाटायला लागली. शाळेतून येताना फाटक उघडायच्या आधी मी व्हरांड्याकडं बघायचो. आज दोन शब्द तरी बोलतील का, एवढाच प्रश्न असायचा.

मग माझ्या डोक्यात ते खूळ शिरलं. आबांना अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर बसवायचं, साहेबासारखं.

त्याला जुनं कारण होतं. मी आठेक वर्षांचा असताना आबा ऑफिसच्या आवारात गाडी पुसत होते, तेव्हा मी गुपचूप मागं चढून बसलो होतो. साहेबांच्या सीटवर पांढरा टॉवेल असायचा. मी त्यावर पाय घेऊन, मान मागं टाकून, साहेब बसतात तसा बसलो. आबांनी कान धरून बाहेर ओढलं आणि अशी एक ठेवून दिली की गाल संध्याकाळपर्यंत हुळहुळत होता. "मागची सीट आपली नाय," एवढंच म्हणाले अन् टॉवेल झटकायला लागले. ते स्वतः कधी मागं बसले नाहीत. ताप आला तरी पुढच्याच सीटवर आडवे व्हायचे. म्हणून म्हटलं, आता एकदा ती सीट त्यांची करू. टॉवेलसकट.

जाहिरात सांगलीकडच्या एका शेतकऱ्याची होती. "घरगुती वापर, एकहाती गाडी." जुनी गाडी घेणाऱ्याला एकहाती या शब्दापुढं दुसरं काही ऐकू येत नाही. किती हातांतून गेली हाच तर पहिला प्रश्न असतो. मी फोन लावला.

"वडलांची गाडी वो. गेल्या साली वारले. एकहाती चालवली त्यांनी."

"एकहातीच ना नक्की?"

"आवो, अख्ख्या गावाला ठाऊक हाय. दुसरा हात लागलेला नाही गाडीला."

मी एवढा खूश झालो की घासाघीस करायचीसुद्धा विसरलो. बायको म्हणाली, "एकदा जाऊन बघून तर या." मी तोऱ्यात म्हटलं, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? आठ फोटो आहेत." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "कांकण हातात असतं तेव्हा म्हणायचं असतं ते." मराठी मी शिकवतो, पण येते तिला.

आठातले सात फोटो बाहेरून काढलेले होते. आतला एकच, आणि त्यात स्टिअरिंगला झेंडूचा भलामोठा हार घातलेला. मला तर गहिवरूनच आलं. किती जपतात लोक गाडी! हाराखाली काय आहे हे विचारायचं सुचलं नाही.

गाडी यायच्या आधी आठ दिवस आमच्या घरात बाजारात तुरी सुरू झालं. गाडी कुठं लावायची? मी म्हटलं, लिंबाच्या झाडाखाली. बायको म्हणाली, तिथं माझी कपड्याची दोरी आहे. चार दिवस अबोला, शेवटी दोरी हलली. आबा खुर्चीतून बघत होते, पण "कशाला रे हे?" एवढंही त्यांनी विचारलं नाही. ते विचारत नाहीत याचाच मला राग यायचा. मग रागाची लाज वाटायची.

भर दुपारी गाडी घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याचा फोन आला. "पत्त्यात संभाजीनगर लिहिलंय. म्हणजे औरंगाबादच ना?" म्हटलं, हो बाबा, तेच, ये. ट्रकमधून गाडी उतरवली आणि ती चालूच होईना. कॉलनीतली सहा माणसं ढकलायला लागली. बायकोनं चाकाखाली ठेवलेलं लिंबू इंजिनानं नव्हे, शेजाऱ्यांनी चिरडलं. मी उत्साहात मागं बसून बघितलं तर डाव्या बाजूचं दार आतून उघडेना. "बाहेरून उघडा हो कुणीतरी!" म्हणून ओरडावं लागलं. कॉलनी पोट धरून हसत होती. आबा खुर्चीतून म्हणाले, "बॅटरी."

मग मी पुढं जाऊन बसलो आणि डाव्या हातानं गिअर शोधायला लागलो. या गाड्यांचा गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असतो, डाव्या अंगाला. इथं काहीच नाही. दांडा होता तो उजवीकडं! आणि स्टिअरिंगवर, तो हार काढल्यावर, दाराला असते तशी एक गोल पितळी मूठ. घासून घासून पिवळीजर्द झालेली. च्यायला, म्हटलं, हे काय प्रकरण?

शहागंजामागं एक म्हातारे मिस्त्री आहेत, आबांच्या ड्रायव्हरकीच्या दिवसांपासूनचे दोस्त. त्यांना बोलावलं. ते आत वाकले, दांडा हलवला, मूठ फिरवली आणि जे हसत सुटले ते थांबेचनात. "अरे मास्तर, ये तो एक हातवाले की गाडी है! क्या कारीगरी करके रखा किसीने, माशाल्ला!"

माझ्या डोक्यात दिवा लागला, पण तोवर डोकं तापलेलं होतं. तिथंच फोन लावला. "काय हो, फसवता काय माणसाला?"

"काय झालं वो?"

"गिअर उजवीकडं आहे!"

"मग? वडलांचा डावा हात तरणेपणीच कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेला. मी सांगितलंय की तुम्हाला, एकहाती. तीनदा सांगितलंय. दुसरा हात लागलेला नाही म्हणलो. आता आणि कसं सांगायचं?"

"अहो, एकहाती म्हणजे एका मालकाची!"

"मालक पण एकच होता की," तो बिचारा म्हणाला.

माणसानं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवतोय, शब्दाचा एक वाच्यार्थ असतो, एक लक्ष्यार्थ असतो, आणि गाढवांनो, वाच्यार्थाला धरून बसू नका. त्यांच्या वह्या लाल करतो. इथं लक्ष्यार्थाला धरून बसलो आणि वाच्यार्थ ट्रकमधून उतरला. बायको दारात उभी होती. म्हणाली, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. तुम्हाला मात्र मोजून एकच हात दिला हो." मी तिच्यावर खेकसलो. खेकसता येईल असं दुसरं कुणी जवळ नव्हतं.

पण खरा चटका वेगळाच होता. ती मूठ बघून मला आबांकडं बघवेना. हात गेलेल्या माणसाच्या अंगणात मी एका हाताची गाडी आणून उभी केली होती, वर सहा माणसं जमवून. रोज डोळ्यांसमोर हेच दिसणार. मी हळू आवाजात मिस्त्रींना म्हटलं, "चाचा, हे सगळं काढून टाका. दांडा डावीकडं घ्या, मूठ काढा. आजच्या आज." चाचा म्हणाले, "हो जाएगा, दो दिन का काम है," आणि त्यांनी पिशवीतून पाना काढला.

"हात लावू नको."

आवाज मागून आला. आबा खुर्चीतून उठले होते. कुणी उठवल्याशिवाय.

"गाडीला कुणी हात लावायचा नाय," आबा म्हणाले. भिंतीला धरत, पायऱ्या उतरत ते गाडीपाशी आले आणि मला म्हणाले, "सरक तिकडं." मी सरकलो. ते स्टिअरिंगवर बसले. उजवा हात मुठीवर ठेवला, मूठ अर्धी फिरवली, मग हात दांड्यावर नेला, पुन्हा मुठीवर आणला. असं किती वेळ केलं कोण जाणे. शेवटी आबा म्हणाले, "मानूस हुशार व्हता," आणि मिस्त्रींकडं वळले. "कारबोरेटर खोल. बॅटरी नवी घाल. दुसरं काय करू नको."

पुढचे आठ दिवस आबा त्या खुर्चीत बसले असतील तर शपथ. बसले तर गाडीजवळ स्टूल टाकून, मिस्त्रींना शिव्या देत. मिस्त्रीही त्यांना चढ्या आवाजात परत देत. घरात दोन वर्षांनी एवढा आवाज झाला. बायको वैतागली, मग एका संध्याकाळी चहा गाळताना म्हणाली, "ओरडू द्या. बरं वाटतं."

रस्त्यावर न्यायचा प्रश्न नव्हता. डॉक्टरांचं काय, लायसनचं काय, ते रीतसर विचारायचं होतं. पण हर्सूलच्या पुढं एक मोठं प्लॉटिंग पडलंय. डांबरी रस्ते झालेत, नंबराचे दगड रोवलेत, घर मात्र एक नाही. एका रविवारी सकाळी मिस्त्रींनीच गाडी तिथवर आणली. मला ती चालवताच येत नव्हती. दोन हात होते, ही माझी अडचण. मी आणि बायको मागून आमच्या गाडीत.

अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर मी नवा पांढरा टॉवेल टाकून ठेवला होता. कुणासाठी ते आबांना सांगायचा धीर काही झाला नाही. मिस्त्री पुढं डावीकडं बसले, एक हात हँडब्रेकवर ठेवून. आबा स्टिअरिंगवर बसले आणि खिडकीतून मला म्हणाले, "मागं बस."

"मी इथंच थांबतो की."

"मागं बस म्हणलं ना."

बसलो. टॉवेलच्या काठावर, अंग चोरून. आबांनी उजव्या हातानं आरसा हलवला, मी दिसेपर्यंत. मग म्हणाले, "कुठं घेऊ, साहेब?"

"तुम्हाला वाटेल तिकडं, आबा."

"साहेब असं बोलत नसतेत," आबा चिडले. "ठिकाण सांगतेत."

"बिडकीन," मी म्हटलं.

"बरं."

गाडी पहिल्यांदा धक्का खाऊन बंद पडली. आबांनी स्वतःलाच एक शिवी हासडली. दुसऱ्यांदा निघाली. दगडांच्या मधून, वळणावर मूठ गरागरा फिरवत, गिअरसाठी ती क्षणभर सोडून पुन्हा धरत, आबांनी त्या ओसाड प्लॉटिंगला तीन चकरा मारल्या. मी त्यांची मान बघत होतो. ताठ होती. डावा हात मांडीवरच होता, पण आज तो मला तिसऱ्या चकरेपर्यंत आठवलाच नाही. मला रडू आलं. लपवायला गेलो, तर समोर आरसा.

गाडी थांबली. "आलं बिडकीन," आबा म्हणाले.

मी दार ढकललं. उघडेना. ते आतून उघडत नाही हे विसरूनच गेलो होतो. मिस्त्री उतरायला निघाले तसं आबांनी त्यांना डोळ्यानंच बसवलं. स्वतः उतरले, बॉनेटला धरत धरत वळसा घालून आले, आणि उजव्या हातानं दार उघडून तसंच धरून उभे राहिले. मी पाय बाहेर टाकला, तेव्हा टॉवेलकडं बघत म्हणाले, "त्या दिशी तुला मारायला नको व्हतं."

"कोणत्या दिवशी?" मी म्हटलं. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

"उतर आता," आबा म्हणाले. "सूनबाई कवाची हुबी हाय, तिला बसू दे."