बारावी सुई

डॉ. शैलाताईंशी माझी पहिली ओळख झाली ती पेशंट म्हणून. बोईसरच्या एका कारखान्यात मी पॅकिंगला होते आणि दिवसभर उभे राहून माझ्या टाचा धरल्या होत्या. मी सुईला घाबरते हे पाहून ताईंनी आधी स्वतःच्या हातात सुई टोचली नि म्हणाल्या, "बघ, डास याहून जास्त चावतो." पुढे त्यांनीच मला मदतनीस म्हणून ठेवून घेतले, ॲक्युपंक्चरचे रीतसर शिक्षण घ्यायला लावले. आज वाणगावला माझा स्वतःचा दवाखाना आहे तो केवळ त्यांच्यामुळे.

आपल्या विद्येची मर्यादा ताई जाणतात. छातीत कळ येते म्हणून एक कामगार आला, "सुई लगा दो, डॉक्टरसाब," म्हणू लागला. ताईंनी सुईला हातही लावला नाही. "पहले अस्पताल," म्हणत त्याला रिक्षात घातले आणि स्वतः शेजारी बसल्या. बाहेर आठ माणसे खोळंबली होती, पण एकानेही कुरकुर केली नाही.

त्यांचा एक नियम होता. सुया काढताना मोठ्याने मोजायच्या, पेशंटला ऐकू जाईल असे. लावल्या तेवढ्याच ताटलीत पडल्या पाहिजेत.

आता जे लिहायचे ते लिहिताना हात अडतो आहे. ताईंच्या या गौरवग्रंथाची मुद्रिते तपासायला माझ्याकडे आली. त्यात एका स्नेह्यांनी लिहिले आहे, की ताईंकडून आयुष्यात एकदाच चूक झाली, पेशंटच्या अंगात सुई राहिली, पण ती त्यांनी मोठ्या मनाने कबूल केली. ते वाचून मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती चूक ताईंची नव्हती.

घिवलीच्या हिराबाई मासळी विकत. टोपलीच्या ओझ्याने त्यांची मान आखडली होती. त्या पालथ्या निजल्या, ताईंनी बारा सुया लावल्या आणि काढायचे काम माझ्यावर सोपवले. मला गावच्या जत्रेला जायची घाई होती. अकरा काढल्या आणि तोंडाने मात्र मी "बारा" म्हणाले. बारावी त्यांच्या केसांत राहिली.

दुसऱ्या दिवशी हिराबाई पदराच्या गाठीत ती सुई बांधून आल्या. "टोपली डोक्यावं घेतली नि जीव गेला माजा! कुनी ठेवली ही?" दवाखाना भरलेला होता. ताईंनी माझ्याकडे पाहिले. मी ताटलीकडे पाहिले. "माझ्याकडून राहिली, हिराबाई. चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. हिराबाईंनी एकदा माझ्याकडे बघितले आणि त्या निघून गेल्या. बोभाटा व्हायचा तो झालाच. घिवलीचे पेशंट वर्षभर फिरकले नाहीत.

ताईंनी मला कधी एका शब्दानेही टोचले नाही. महिनाभर माझ्या शेजारी उभ्या राहून माझ्याबरोबर सुया मोजल्या. "मलाच सवय लावून घ्यायची आहे," असे पेशंटला सांगत. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित तेव्हाच बोलले असते. पण हीही सबबच.

मुद्रिते वाचून मी घिवली गाठली. हिराबाई आता थकल्या आहेत. सुई मी ठेवली होती, असे सांगितले तर म्हणाल्या, "मना ठावं हाय. मानंला कुनाचे हात लागले ते कलत नाय का? डॉक्टरबायचे हात ऊन, तुजे थंडगार."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बाय पुढं झाली. तू बोलशील म्हून मी वाट बघत व्हते."

त्यांनी वाळवलेल्या बोंबलांची पुडी हातात दिली, ती घेऊन मी परतले.

स्नेह्यांचा लेख आहे तसाच छापावा, त्यांनी ऐकले ते प्रेमाने लिहिले आहे. माझा मात्र त्याच्या शेजारीच छापावा, एवढी संपादकांना विनंती. छापून येण्याआधी मी तो ताईंना स्वतः वाचून दाखवणार आहे. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, त्यांच्या हातांची ऊब अजून पुष्कळ माना-पाठींना लाभो आणि माझ्यावर रागवण्याइतके त्राण त्यांच्यात शंभरीपर्यंत राहो.

ताई, ती बारावी सुई माझी होती.