ओल्या वाळूचा साचा

फाउंड्रीत तिला सगळे धाकटी म्हणत, कारण ती जड साच्यांच्या मिस्तरींची धाकटी लेक. बायकांनी कोअर करायचे, म्हणजे तेलात मळलेली वाळू भट्टीत भाजून आतल्या पोकळीचे ठोकळे बनवायचे, आणि साचे भरायचे ते पुरुषांनी, हा तिथला रिवाज. कुणी घालून दिला कोण जाणे! हात बाईचा की बाप्याचा, हे वाळूला थोडंच कळतं? धाकटीने मुकादमाच्या मागे भुणभुण लावली आणि पंपाच्या कवचाचा एक साचा पदरात पाडून घेतला. बिघडला तर मुकाट्याने परत कोअरच्या खोलीत, अशी बोली झाली.

कवचाच्या लाकडी नमुन्यालगत तिने बारीक चाळलेली नवी वाळू घातली, मागे जुनी काळी भरली. मुठीत दाबून ओल पाहिली. सगळं जिथल्या तिथे होतं. मग ती निवांत जेवायला गेली.

साच्यात वितळलेलं लोखंड ओतल्यावर कवच निघालं ते भोकांनी भरलेलं. माणसं फिदीफिदी हसली. मुकादमाने खोलीकडे बोट केलं. ती हलली नाही. तिने साच्याची वाळू चाचपली. डावी बाजू विटेसारखी घट्ट होती. वाफेला बाहेर पडायला जागाच उरली नव्हती. इतकं ठोकणारा हात तिथे एकच होता. जड साचे वाळवून घेतात, तिथे ते खपतं. ओल्या वाळूत नाही.

"बाबा, तुम्ही हात लावलात?"

मिस्तरींची मान खाली गेली. "कड ढासळेल असं वाटलं गं. तुझं हसं झालं असतं."

"मग आता काय झालं?" तिचा आवाज चढला. "तुमच्या हातानं तरण्यापेक्षा माझ्या हातानं बुडेन मी!"

"बोली म्हणजे बोली," मुकादम म्हणाला.

"बोली माझ्या साच्याची होती. हा माझा नव्हता. दुसरा भरते. मला उचलून नेलंत तरच जाईन."

उचलायची कुणाची छाती होती! या वेळी ती जेवायलाही उठली नाही. साच्याच्या पेटीला पाठ लावून बसली. बाप जवळून फिरकला की डोळे वटारायची.

दुसरं कवच चांगलं निघालं. फक्त कडेला एक बारीक खळी होती. "चालेल," मुकादम पुटपुटला.

"वाळूचा कण निसटला असेल," म्हणत मिस्तरींनी कानस उचलली. "घासून टाकतो, दिसायची नाही."

धाकटीने खळीवर तळहात ठेवला. कवच अजून चटका देत होतं.

"राहू दे, बाबा. ती माझी आहे."