बांधापलीकडचे पाइप

उन्हात तापलेल्या काळ्या पाइपांवर पाणी पडलं की एक उग्र वास सुटतो, आणि तो आला की मला सास्तूरजवळचं आमचं हरभऱ्याचं रान आठवतं. त्या वर्षी सरकारी सोडतीत तुषार संचासाठी वडिलांचा नंबर लागला, शेजारच्या चाचांचा नाही लागला. अनुदानासाठी कृषी खात्याचे साहेब फोटो काढायला आले, तेव्हा आमचे पाइप नेमके चाचांच्या रानात होते. “संच तुमच्याच शेतात दिसला पाहिजे,” साहेब म्हणाले. वडील हटून बसले, “त्यांचं अर्धं रान भिजायचं ऱ्हायलंय, साहेब. आत्ता न्हाय काढणार.” चाचांनी स्वतःच मोटार बंद केली आणि निथळता पाइप खांद्यावर टाकला. “अनुदान बुडालं तर दुकानदार उधारीवरचा संच परत नेईल, भाई. मग बसू दोघंबी आभाळाकडं बघत. उचला!” फोटो झाला. साहेबांची मोटारसायकल वळणाआड जायच्या आत पाइप पुन्हा चाचांच्या हरभऱ्यात पोचले होते. पुढं चाचांचाही नंबर लागला. आमच्या घरी त्या दिवशी गोडाचं झालं. आता दोन्ही रानांत आपापले तुषार फिरतात, आणि पाइप नेता-आणता बांधावर पडलेली आमची पायवाट गवतात कुठं गेली, ते मलाही सापडत नाही.