एकाहत्तर कुलपं

तर ते कुत्रं फाटकातून थेट जिन्याखाली गेलं आणि मीटरच्या पेटीपुढे बसून मागे वळून बघायला लागलं, इथपर्यंत काल आलो होतो. तुम्ही म्हणाल, कुत्र्याला मीटर काय कळतं? मीटर नाहीच कळत, पण त्याला आमची रीडिंगताई कळत होती. ही बाई दर महिन्याला येते, जिन्याखाली जाते, वाकते, काहीतरी लिहिते आणि निघून जाते, एवढं त्याने पिल्लू असल्यापासून पाहिलेलं. तिला निवृत्त होऊन वर्ष झालं, हे त्याला कोण सांगणार?

वकीलवहिनी बाहेर आल्या. ताईने सांगितलं, शाळेत ठेवलेल्या पूरग्रस्तांसाठी एखादी खाट हवी आहे. वहिनी म्हणाल्या, अगं, आमच्याकडे जास्तीचं असं काहीच नाही बघ. त्यावर ताई अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाली, "वहिनी, मीटरखाली निळी घडीची खाट आहे. सहा वर्षं तिच्यावरून वाकून आकडे वाचलेत मी. एकदा माझी बाही अडकून फाटली होती, तुम्हीच सुई दिली होतीत."

वहिनींनी तोंडावर हात ठेवला आणि हसत सुटल्या. खाट तर दिलीच, वर दोन उशा दिल्या. हातगाडीवर खाट चढवली तेव्हा कुत्रं तिच्यावर जाऊन बसलं ते उतरेना, शेवटी कोपऱ्यापर्यंत त्यालाही फुकट सवारी मिळाली.

मंडळी, मदत मागणारे मी खूप पाहिले. कोणी भोंगा लावून येतो, कोणी फोटोग्राफर घेऊन. हिची तऱ्हा न्यारी. वीज कंपनीत एकतीस वर्षं मीटर वाचण्यात गेली. मीटर कुठे असतं? जिन्याखाली, नाहीतर मागच्या बोळकांडीत. आणि माणसं नको असलेलं सगळं कुठे टाकतात? तिथेच. त्यामुळे अकराशे घरांत काय पडून आहे, हे घरच्यांपेक्षा हिला जास्त ठाऊक. "तुम्हाला जमेल ते द्या" असं ती कधी म्हणाली नाही. "मागच्या बोळात स्टोव्ह आहे, पितळी, फक्त वात बदलायला हवी" असं म्हणायची. समोरच्याला नाही म्हणायला जागाच उरायची नाही. एका मास्तरांनी तर हात जोडले. म्हणाले, बाई, तू आधी आमच्या घरची यादी दे, मग मी सांगतो काय काय देतो ते.

मी तिला कामावर शिकवलं, म्हणून ती मला दादा म्हणते. माझी शाळा गावातली, सातवीपर्यंतची. तीही मास्तर यायचे त्या दिवशी. पण मीटर वाचायला शाळा लागत नाही, नजर लागते, आणि ती तिची माझ्यापेक्षा चांगली. हे मी तेव्हाच ओळखलं होतं, फक्त तिला सांगितलं नाही.

आता पुराची गोष्ट. नदीचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं आणि अडतीस कुटुंबं एका दुपारीत उघड्यावर आली. नगरपालिकेने त्यांना आमच्या वॉर्डातल्या बंद शाळेत आणलं. ताई पहिल्याच दिवशी घरचं पांघरूण घेऊन गेली. तिथे बाकं जोडून केलेल्या बिछान्यावर वेल्डरची म्हातारी आई बसली होती. खालच्या वस्तीतही ताई मीटर वाचायची, आणि या म्हातारीने तिला भर उन्हात कधी पाणी घेतल्याशिवाय सोडलं नव्हतं. म्हातारीने तिला ओळखलं आणि म्हणाली, "ये गं. पण आमचं मीटर आता गाळात आहे, काय वाचशील?"

ताईने घरी येऊन हे मला सांगितलं. सांगताना हसली नाही.

महिनाभरात खाटा, गाद्या, भांडी, सगळं जमलं. आणि एक दिवस शाळेच्या दारावर नोटीस लागली: पंधरा दिवसांत इमारत रिकामी करा. ती कुणाला तरी गोदामासाठी द्यायची ठरली होती. खालच्या घरांच्या भिंतींत अजून बोट रुतत होतं आणि थंडी तोंडावर आलेली. त्या म्हातारीला ओल्या भिंतीला टेकून हिवाळा काढायचा होता, असा त्या नोटिशीचा साधा अर्थ.

सुटकेच्या वाटा दोनच होत्या. वॉर्डाच्या सदस्याने लेखी मागणी केली, किंवा वॉर्डातल्या सहाशे घरांनी अर्ज दिला, तर विषय सभेत घ्यावाच लागतो, आणि निकाल लागेपर्यंत कोणाला हलवता येत नाही. आमचे सदस्य फर्निचरचं दुकान चालवायचे, सगळे त्यांना फर्निचरवालेच म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. माणुसकी एका जागी, नियम एका जागी, असं काहीसं म्हणाले. म्हणजे राहिली सहाशे घरं.

ताईने जुनी फौज बोलावली. फौज म्हणजे मी आणि बॅटरी. बॅटरी म्हणजे आमच्यातला तिसरा निवृत्त. भर दुपारीही खिशात बॅटरी ठेवायचा, म्हणून ते नाव. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही वॉर्डाचे तीन भाग केले, तेही जुन्या रीडिंगच्या वाटांप्रमाणे, म्हणजे पायांना विचार करावा लागू नये. अर्जावर प्रत्येक घरापुढे सही हवी. ज्यांचा हात अधू आहे किंवा ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यापुढे "तोंडी संमती" लिहून आपण खाली सही करायची, अशी सोय होती.

दहा दिवस फिरलो. माझे गुडघे कुरकुरत होते, पण घरी बसून टीव्ही बघण्यापेक्षा बरं, असं आमच्या घरचीचं मत पडलं. अकराव्या दिवशी संध्याकाळी टेबलावर कागद मांडले आणि बेरीज आली सहाशे चौतीस. बॅटरीने आनंदाने टेबलावर बॅटरी आपटली, ती पेटेना झाली.

ताई मात्र कागद चाळत होती. एका जागी तिचं बोट थांबलं.

"दादा, हे कोपऱ्यावरचं पिवळं घर. तोंडी संमती कोणी दिली?"

मी म्हटलं, असेल कोणीतरी घरात.

"त्या घराचं मीटर दोन वर्षांपूर्वी काढून नेलंय. मीच शेवटचं रीडिंग घेतलं होतं. कुलूप बोललं का तुमच्याशी?"

आता लपवून काय करणार? खरं ते सांगतो. आमच्या कामात एक रीत होती. दाराला कुलूप असलं की थांबायचं नाही. मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढायची, लिहायची आणि पुढचं दार गाठायचं. मी अडतीस वर्षं ते केलं. या वेळीही कुलूप दिसलं की मी मनाशी म्हणायचो, ही माणसं भली आहेत, मागे मदत केलीये, आत्ता असती तर हो म्हणालीच असती. आणि "तोंडी" लिहून पुढे. लबाडी करतोय असं एकदाही वाटलं नाही, यावर विश्वास ठेवा. हाताला सवयच तशी. बॅटरीने तेच केलं होतं, आणि आम्ही दोघं एकमेकांशी यावर एक शब्दही बोललो नव्हतो.

कुलूपबंद घरं निघाली एकाहत्तर. त्यातली पन्नासेक माझी.

मी म्हटलं, अगं, सरासरी काढलीये. कंपनी मान्य करायची, नगरपालिकेला काय धाड भरलीये? ताईने पेन्सिल घेतली आणि एकेका नावावर रेघ मारायला लागली. रेघा मारता मारता शांतपणे म्हणाली, की सरासरी चालायची, कारण पुढच्या महिन्यात खरं रीडिंग घेऊन ती दुरुस्त व्हायची. इथे पुढचा महिना कुठे आहे? आणि यातलं एक घर जरी सभेत उभं राहून म्हणालं की आम्हाला कोणी विचारलंच नाही, तर बाकीच्या साऱ्यांच्या सह्याही गेल्या, आणि शाळाही गेली.

ओरडली असती तर परवडलं असतं. माझ्या चहावर साय धरली.

राहिली पाचशे त्रेसष्ट, आणि नगरपालिकेच्या सभेला उरला दीड दिवस. बॅटरी म्हणाला, संपलं. ताई म्हणाली, कुलूप कायमचं नसतं. मग तिने जो पाढा वाचला तो ऐकून आम्ही तोंडात बोटं घातली. परिचारिका पहाटे सहाला कामावरून येते, नऊपर्यंत जागी असते. बेकरीवाला दुपारी एकला उठतो, त्याआधी दार वाजवायचं नाही. शेवटच्या घरातलं जोडपं मुलीकडे जातं, पण बुधवारी झाडांना पाणी घालायला एक जण येतोच. एकतीस वर्षांत कुठलं दार केव्हा उघडतं हे तिच्या डोक्यात बसलं होतं.

त्या दीड दिवसात आम्ही एकोणतीस घरं उघडी गाठली. एकोणतीसच्या एकोणतीस जणांनी सह्या केल्या. म्हणजे माझी सरासरी चुकली नव्हती, पण हे तिला ऐकवायची माझी छाती झाली नाही. परिचारिकेने तर दार उघडल्या उघडल्या विचारलं, की एवढे दिवस कुठे होतात, मी वाट बघत होते.

एकूण पाचशे ब्याण्णव. आठ कमी. सभेची वेळ झाली.

सभागृहात खुर्च्या कमी, माणसं जास्त. खिडकीपाशी वेल्डर आईला घेऊन उभा होता; कोणीतरी म्हातारीला खुर्ची दिली. कारकुनाने कागद मोजले, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, ताई, आठच तर कमी आहेत, लिहून टाका तोंडी, मी डोळे झाकतो. भला माणूस होता बिचारा. मी ताईकडे पाहिलं आणि, सांगायला लाज वाटते, मनात म्हटलं, लिही गं.

तिने लिहिलं नाही. उभी राहिली आणि रेघा मारलेले कागदही टेबलावर ठेवले. एकाहत्तर घरं आमच्याकडून न विचारता लिहिली गेली, ती आम्हीच खोडली, त्यातली एकोणतीस पुन्हा विचारून मिळवली, असं सगळं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, "आमच्याकडून" म्हणाली.

जीव टांगणीला लागू नये म्हणून पुढचं आधीच सांगून टाकतो. फर्निचरवाल्यांनी त्याच टेबलावर, त्याच कारकुनाचं पेन घेऊन सदस्य म्हणून लेखी मागणी केली. विषय सभेत आला, आणि अडतीस कुटुंबं भिंती वाळेपर्यंत शाळेतच राहिली. वेल्डरच्या घरी नवं मीटर बसलं त्या दिवशी म्हातारीने ताईला मुद्दाम बोलावून आकडा वाचायला लावला. शून्य होता. दोघी त्यावरही हसल्या.

पण त्याआधी झालं असं, की फर्निचरवाले खुर्चीत रेलून बसले, हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हणजे ताई, तुमची माणसं कुलपांच्या सह्या घेत फिरतात. मग या पाचशे ब्याण्णवांवर तरी आम्ही विश्वास का ठेवायचा?"

ताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली:

"ठेवू नका, भाऊ. कुठल्याही घराचा नंबर सांगा, आत्ता उठून तुमच्याबरोबर येते, दार वाजवून विचारू. आणि खोडलेल्या नावांत सतरावं नाव तुमचंच आहे. मी तीनदा येऊन गेले, तिन्ही वेळा कुलूप होतं. आज उघडे भेटलात, तर हो की नाही ते तुमच्या तोंडाने सांगा. नाही म्हणालात तर नाही लिहीन. आणि हो म्हणालात, तर मीटरखाली दोन गाद्या गुंडाळून ठेवल्यात, त्या संध्याकाळी न्यायला येते."