टीव्हीतल्या तस्कराची बाजू

माझ्या मित्राची आणि माझी एका थ्रेशरमध्ये भागीदारी. शेलूबाजारच्या आसपासचं सोयाबीन आम्ही काढून देतो. नियम आमचाच, आधी गिऱ्हाइकांचं, मालकांचं सगळ्यात शेवटी. त्या वर्षी गिऱ्हाइकं आटोपून त्या दिवशी माझंही काढून झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा नंबर होता, आणि नेमक्या त्याच दिवसाचा शब्द मी किन्हीराजा गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याला देऊन बसलो होतो. सलग चार दिवसांचं काम! इकडं आभाळ रोज दुपारी भरून यायचं आणि मित्राची कापलेल्या सोयाबीनची सुडी शेतात ताडपत्रीखाली उभी. त्याला सांगायला म्हणून संध्याकाळी त्याच्या घरी गेलो.

तो टीव्हीपुढं बसलेला. दोन तस्कर भागीदारांची मालिका आम्ही दोघं न चुकता पाहायचो. त्या दिवशी धाकटा तस्कर थोरल्याला टाकून एका बड्या शेठला जाऊन मिळाला.

"पाय, पाय, नमकहराम साला!" मित्र पडद्याकडं बोट करून ओरडला.

मला काय झालं कोण जाणे, मी त्याच्यावरच घसरलो. "नमकहराम कायचा? धंदा आहे थो. मोठं गिऱ्हाईक दारात आलं तं काय हाकलून द्यावं? थोरला बसला आपल्याच गल्लीत अंडे उबवत."

"अन् इतक्या वर्साचा जोडीदार?"

"जोडीदारानं समजून घ्यावं ना बे! शेठ दुसऱ्याकडं गेला तं दोघंबी उपाशी."

चहा घेऊन आलेल्या वैनी म्हणाल्या, "चोराईसाठी तुमी कायले भांडून राह्यले?" आम्ही हसलो. मीच जास्त हसलो.

मित्रानं बशीत चहा ओतला. मग म्हणाला, "तुह्यं बरोबर आहे लेका. धंदा म्हणून पाह्यलं तं त्यानं जावाच. पण तोंडावर सांगून जावा. मी थोरला असतो तं म्हटलं असतं, जाय बाप्पा, माह्यं राहू दे चार दिवस."

यापेक्षा कोणी काय बोलणार? शब्द ओठावर आला होता. पण इतका वेळ चोराची वकिली केल्यावर तो चोर मीच आहे, हे कोणत्या तोंडानं सांगू? लाज वाटली. चहा पिऊन मुकाट घरी आलो. थू माझ्या जिंदगानीवर!

सकाळी उजाडताच ट्रॅक्टरला थ्रेशर जोडून निघालो. फोन बंद ठेवला. तो तर हो म्हणालाच आहे, दुपारी सांगू, अशी मनाची समजूत घातली.

अकराच्या सुमाराला परतीचा पाऊस आला आणि तासभर नुसता कोसळला. किन्हीराजाचं काम थांबलं. एकाची मोटरसायकल मागून मी थेट मित्राच्या शेतात आलो. सुडी उघडी होती आणि तिच्यातून पाणी गळत होतं. वर्षाचं सगळं पीक. बाजूला चिखलात ताडपत्रीचं एक टोक धरून वैनी एकट्याच बसल्या होत्या.

"भाऊजी, मशीन येईन म्हणून सकायीच ताडपत्री काढली," त्या म्हणाल्या. "तुमी आले नाई, फोनबी लागेना. पाऊस आला तवा मी एकटीच होती. मले नाई ओढली गेली."

"अन् तो?"

"रस्त्यात मशीन पलटी झाली असन, तुमाले काई झालं असन म्हणत गाडी घेऊन गेले. अजून तुमालेच शोधून राह्यले."