एका पडद्यावरचे अकरा बाण

आर्णीजवळच्या आमच्या तांड्यावर दोनच वर्ग भरतात आणि दोन्ही खेमसिंग सर घेतात. वय पन्नाशीचं, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी छोटा स्क्रूड्रायव्हर. आर्णीच्या दुरुस्तीवाल्यांनी टाकून दिलेले अकरा माऊस त्यांनी मागून आणले, साफ केले आणि अकराच्या अकरा एकाच जुन्या कॉम्प्युटरला जोडले. पडद्यावर प्रत्येक मुलाचा वेगळ्या रंगाचा बाण. सर प्रश्न विचारतात, मुलं आपापला बाण उत्तरावर नेतात. फळ्यापाशी बोलावलं की रडणारी माझी खुशीसुद्धा नेते. तिचा बाण जांभळा.

पण घरी साताचा पाढा विचारला की ती गप्प. मला काही उमजेना. आर्णीच्या शाळेत तिचं नाव घालायची उद्या शेवटची तारीख, म्हणून आज मी वर्गातच जाऊन बसले.

पहिल्याच प्रश्नाला वर्गातल्या सगळ्यांत हुशार अक्षयचा बाण निघाला आणि त्याच्यामागे बाकीचे दहा.

"सर, ही तर नक्कल झाली!"

"आपला तांडा हाये, शीलाताई. एक निघाला का सारेच निघतात," सर हसले. "थांबा जरा."

त्यांनी अक्षयचा माऊस काढून घेतला. "सांगा, सात आठे?"

बाण घुटमळले. जांभळा मात्र सरळ छप्पन्नवर जाऊन थांबला. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात कोणीतरी चोपन्नवर गेलं, बाकीचे तिकडे धावले, आणि खुशीचा बाण छप्पन्न सोडून हळूच त्यांच्यात जाऊन बसला.

"पाह्यलं? तिले येते," सर म्हणाले. "फळ्यावर हे मले दिसलंच नसतं."

"मग आता काय करायचं?"

"तेच तर मले समजून नाही राह्यलं," ते डोकं खाजवत म्हणाले.

घरी येताना मी खुशीला विचारलं, "येत होतं ना तुले? मग काहून सोडलं?"

"याडी," आमच्या बोलीत आईला हाक मारत ती म्हणाली, "तिथं मी एकटीच होती."

संध्याकाळी सुनील, तिचे बाबा, म्हणाले, "सकाळी गाडी काढतो. फॉर्म भरून येऊ."

"नको."

"काहून?"

इथे ती सगळ्यांसोबत चुकते. तिथे आर्णीत साठ मुलांत एकटीच बरोबर असली, तर ते कोणाला दिसणार? की तिथेच तिला एकटं उभं राहता येईल? वर्गात झालं ते मी सांगितलं आणि सरांना आणखी थोडे दिवस देऊ, एवढंच पुढे बोलले.

"सरांलेच समजत नाही म्हनतेस, तरी?"

"म्हणूनच. तिले येते हे त्यांनी पाह्यलं, आता ते उपाय शोधत राहतील," मी म्हणाले. बरोबर बोलले की नाही, ते अजून कळत नाही.