शालूबाईच्या गालाचं माप

हिंगोलीच्या बाजारात हरिचंदाचं फोटोचं दुकान होतं, आणि त्या दुकानातलं सगळ्यात अचूक उपकरण म्हणजे त्याची बायको. हे तो कौतुकानं सांगे. शालूबाई कौतुकानं ऐकत नसे.

फोटो छापायच्या कागदाचा प्रत्येक पुडा स्वभावानं निराळा. एकाला कंदिलासमोर आठ आकडे मोजेपर्यंतचा उजेड पुरे, दुसऱ्याला वीस लागत; उजेड जास्त तितका फोटो काळा. लढाई सुरू झाल्यावर तर मुदत टळलेले, चिठ्ठी फाटलेले पुडे येऊ लागले, आणि उजेड किती द्यायचा हे ठरवण्यातच निम्मा पुडा खलास होई. मुंबईहून आलेल्या मालाच्या यादीत यावर इलाज छापलेला होता. छटा मोजायचं एक जर्मन यंत्र होतं, त्याच्या किमतीत बैलजोडी आली असती. पायरीपायरीनं काळी होत जाणारी एक काचपट्टी होती, तिच्या किमतीत एक बैल आला असता. हरिचंदाकडे अर्धाही बैल नव्हता. त्यानं पतंगाच्या कागदाचे थर चिकटवून घरीच पट्टी केली, ती पावसाळ्यात फुगली.

शेवटी त्यानं लग्नाच्या वर्षी काढलेल्या शालूबाईच्या फोटोची काच, म्हणजे ज्यावरून फोटो छापतात ती निगेटिव्ह, वर काढली. नव्या पुड्यातल्या एका कागदाच्या बोटभर पट्ट्या कापायच्या, काचेवरच्या तिच्या गालाखाली एकेक ठेवून वेगवेगळा उजेड द्यायचा, आणि पट्ट्या वाळल्या की खऱ्या शालूबाईला दारात उभं करायचं. जी पट्टी गालाशी जुळेल, तिचा आकडा तो त्या पुड्याचा आकडा.

"माझं थोबाड म्हंजी मापाड्याचा काटा हाय का?" ती म्हणे. "हात पिठाचे हायेत माजे."

"हलू नको. काटा हलला की माप खोटं."

त्रेचाळीसच्या पटकीत काटा गेला. दोन दिवसांत.

पुढचा पुडा आला तेव्हा हरिचंदाच्या लक्षात आलं, की पट्टी घेऊन दारात जायचं खरं, पण दारात कोणी नाही. मग तो नवी पट्टी आधीच्या पुड्याच्या पट्टीशी जुळवू लागला. ती तिच्या आधीच्या पट्टीशी जुळवलेली होती. गिऱ्हाइकाला स्वतःपेक्षा थोडा उजळ फोटो लागतो, त्यामुळे हातही त्याच बाजूला घसरायला शिकला होता. पाच वर्षांत काटा दर पुड्याला केसभर सरकला असेल. केसभराची नोंद कोण ठेवतो.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात सेनगावकडच्या तांड्यावरून जिवनबाई आपल्या मुलाला बैलगाडीत घालून दुकानापाशी आली. वसराम चोवीस वर्षांचा होता आणि सकाळीच मेला होता. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळीनं त्याला झाडाला बांधलं होतं. गळ्याभोवती दोरीचा वळ होता. गावच्या दप्तरात मात्र 'पटकीने मयत' अशी नोंद झालीसुद्धा होती. त्या दिवसांत दप्तर माणसांपेक्षा चपळ झालं होतं.

"फोटू काढ, दादा," ती म्हणाली. "आज न्हाई तर उद्या कोणी इचारील."

हरिचंदानं काढला, आणि काच ज्वारीच्या कणगीत लपवली.

विचारणारा दसऱ्यानंतर आला. निजामाचं राज्य गेलं होतं, आणि एक चौकशीसाहेब डाकबंगल्यात बसून दप्तरातल्या नोंदी तपासत होता. पुरावा असेल तर नोंद बदलणार होती, नसेल तर वसराम पटकीनं मेलेलाच राहणार होता. नाकेबंदीनंतर माल अजून यायचा होता. हरिचंदाकडे शेवटच्या पुड्यातले तीन कागद उरले होते. आकडा ठरलेला होता, अकरा. त्यानं पहिला कागद छापला. फोटो स्वच्छ आला. तो त्यानं साहेबाच्या कारकुनाकडे दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या टेबलावर तो जिवनबाईनं पाहिला.

"हा कोण?"

"तुमचा मुलगा," कारकून म्हणाला.

"माझं लेकरू येवढं गोरं न्हाई. आन् वळ कुटं गेला?"

वळाच्या जागी सुरकुतीएवढी सावली होती. साहेबानं दुपारपर्यंत मुदत दिली.

"काहून असं केलं, दादा?" व्हरांड्यात तिनं हरिचंदाला विचारलं.

"मी काही केलं नाही, माय. माप बराबर आहे. माझ्या बायकोच्या रंगावर धरलेलं."

"शालूबाई? ती कवा गोरी व्हती? बाजाराच्या दिवशी तू तिला दारात उभी करून गालाला कागद लावायचा. सारा तांडा हसायचा. माझ्यावानी काळी व्हती ती."

हरिचंदाला पाच वर्षांच्या, एकीवरून दुसरी जुळवलेल्या पट्ट्या आठवल्या, आणि तो जिवनबाईला घेऊन दुकानाकडे निघाला.

दुकानात त्यानं दुसऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि काचेवरच्या वसरामच्या गालाखाली ठेवून एकेकीला वेगळा उजेड दिला. जिवनबाईनं मनगटावरच्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात दारातल्या उजेडात धरला. "माझ्याच रंगाचं व्हतं लेकरू," ती म्हणाली. तिचा हात हलला नाही. एकोणीस आकड्यांची पट्टी जुळली. तिसऱ्या कागदावर वसराम आला तो वळासकट, दोरीचा पीळ मोजता यावा इतका.

साहेबानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले. "काच एकच?"

"एकच, साहेब."

"एकात वळ आहे, एकात नाही. उजेड किती द्यायचा हे कुठं लिहिलेलं असतं?"

"लिहिलेलं नसतं. मोजावं लागतं."

"मग कशानं मोजलं?"

हरिचंदाला खोटं सुचलं नाही. "पहिल्या खेपेला बायकोच्या गालानं. दुसऱ्या खेपेला या बाईंच्या हातानं."

कारकुनाची लेखणी थांबली.

"फिर्यादीच्या हातानं," साहेब म्हणाला.

"होय, साहेब," हरिचंद म्हणाला.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं काच खिडकीसमोर धरून बराच वेळ पाहिली. पण त्याला पुढं सही करायची होती, आणि हात किंवा गाल यांवर सही करता येत नाही. त्यानं सांगितलं आणि कारकुनानं लिहिलं: फोटो परस्परविरोधी, मोजमापास आधार नाही, मूळ नोंद कायम.

उजळ फोटो फायलीत राहिला. काळा जिवनबाईनं पदरात गुंडाळला. गाडीत चढताना ती थांबली.

"तुझ्या बाईचा येक फोटू छापून ठेव, दादा. बराबर रंगाचा. न्हाईतर तीबी तुला वळखू यायची न्हाई."

हरिचंदानं मान हलवली. कागद संपला होता, हे त्यानं सांगितलं नाही.